सांगावा न धाडता

जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात, हिंजवडीतल्या ऑफिसात डबा खाता खाता, मी देवबागच्या आमच्या घराच्या तिन्ही खोल्या २५ ते २८ तारखेपर्यंत 'फुल्ल' करून टाकल्या. त्या दिवसांत तिथे कोणीही उतरणार नव्हतं.

आमच्या घरी पर्यटक उतरतात. आई त्यांना सकाळी घावणे आणि दुपारी माशांचं जेवण घालते, बाबा होडीतून कर्ली नदी समुद्राला मिळते तिथवर फिरवून आणतात. बुकिंगं पूर्वी आईच्या वहीत असायची. इंजिनीअर झाल्यावर मी घराच्या उपयोगाचं पहिलं काम केलं, ते म्हणजे ती वही फोनवरच्या कॅलेंडरात आणली. त्यामुळे तारखा लाल करायला मला पुण्यातून एक बोट पुरलं.

बेत असा होता: २६ जानेवारी शुक्रवारी येत होता, जोडून शनिवार-रविवार. डोळे तपासायला पुण्याला जायचंय असं सांगून आईला कुडाळहून कोकणकन्येत बसवायचं, पनवेलला उतरायचं आणि तिथून तिला थेट खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात न्यायचं. दोन रात्री पार्काला लागून असलेल्या रिसॉर्टमध्ये. बाबांना सगळं माहीत होतं. आई २००३ पासून दुसऱ्यांच्या सुट्टीचा स्वयंपाक करते आहे. एकदा तिला पाहुणी करायचं, एवढीच माझी इच्छा होती.

बेत पार पडला, आणि फसलाही. तो नेमका कुठे फसला हे कळायला मला बरंच मागे जावं लागलं. आमच्याकडे सुट्टी ही गोष्ट कधी आली, ती कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाही, हे पाहावं लागलं.

रजेचा हिशेब

माझ्या कंपनीच्या पोर्टलवर माझी शिल्लक रजा अर्ध्या दिवसापर्यंत अचूक दिसते. ती मला निसर्गतः मिळालेली आहे असं मी धरून चालत होतो. पण तिला वंशावळ आहे, आणि त्या वंशावळीचं मराठी टोक गिरणगावात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही प्रमुख होती. गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. आपण आज रविवारी उशिरा उठतो त्यामागे ती सहा वर्षं आहेत. वर्षाकाठच्या भरपगारी रजेला त्याहून खूप वेळ लागला. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं तिला पक्कं रूप दिलं: वर्षात २४० दिवस काम भरलं, तर पुढच्या वर्षी कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. या हिशेबानं त्यांना वर्षाला जेमतेम दोन आठवडे मिळत. त्या रजेचं ते काय करत? बोटीत बसून गावी येत. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट देवगड, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याकडे जाई. मालवणात ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं ट्रंकांसकट पडावात उतरून किनाऱ्याला लागत. पावसात बोटी बंद. मग घाटावरून वळसा घालून एसटीनं यायचं. पोचल्यावर विश्रांती नाहीच. मे महिन्यात आलेला चाकरमानी घर शाकारून द्यायचा, गडगे दुरुस्त करायचा; गणपतीला आलेला भजनांत आणि देणी-घेणी निस्तरण्यात जायचा. 'फिरायला जाणं' हा शब्दप्रयोग आजोबांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. ते 'गावाक' जात. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर चालतो असं तेव्हा म्हणत (सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला), आणि त्या मनीऑर्डरीमागोमाग वर्षातून एकदा माणूस स्वतः येई. ती त्याची सुट्टी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि आजोबा कायमचेच गावी आले.

तेव्हा आमच्याकडे सुट्टी आली ती नोकरीचा हात धरून. हजेरीपटावर ज्याचं नाव, त्याची रजा. हजेरीपटावर नाव नसलेल्यांचं काय, हा प्रश्न त्या कायद्यापुढे नव्हता.

आणि हजेरीपटावर नसलेली माणसं पुष्कळ होती. गिरणगावात गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहणाऱ्या पुरुषांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, हा गिरणी धंद्याचाच भाग होता, फक्त तो धंद्याच्या हिशेबात धरलेला नव्हता. गिरणीला रविवार मिळाला, पण रविवारीही माणसं जेवतातच; उलट त्या दिवशी मटण लागतं. या बायकांना संघटित करून, राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर मिळवून देण्याचं काम प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळातून सुरू केलं ते १९७५ साली. लोखंड्यांच्या रविवारानंतर ८५ वर्षांनी.

माहेरपण

मग बायकांना सुट्टी नव्हतीच का? होती. तिला आपण माहेरपण म्हणतो.

इतिहास वाचताना ही गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी पुस्तक मिटून बसलो. लग्न झालेल्या बाईला वर्षातून काही ठरलेल्या दिवशी कामातून मोकळीक देणारी, सगळ्या समाजानं मान्य केलेली व्यवस्था मराठी मुलखात शेकडो वर्षं होती. नागपंचमी, दिवाळी, पहिलं बाळंतपण. भाद्रपदात येणारी गौरसुद्धा माहेरवाशीण म्हणूनच येते. तीन दिवस तिचं कौतुक करायचं आणि तिसऱ्या दिवशी पोचवायचं. देवीलाही जिथे माहेरपण लागतं, तिथे बाईला ते लागणार हे गृहीत धरलेलं होतं.

या सुट्टीचे नियमही कारखाने अधिनियमाइतकेच काटेकोर. आधी माहेराहून सांगावा यायचा. सासरच्यांनी हो म्हणायचं. मग भाऊ मुराळी होऊन न्यायला यायचा. तोवर बाईनं पापड-लोणच्यापासून गुराढोरांपर्यंत मागची व्यवस्था लावून ठेवायची. जाऊ किंवा नणंद तिचं काम अंगावर घ्यायची, आणि पुढे हिनं तिचं घ्यायचं. परवानगीचा भाग जाचक होता, कित्येकींना ती मिळतच नसे, आणि जात्यावरच्या ओव्या त्या दुःखानं भरलेल्या आहेत. पण सांगावा आणि मागची व्यवस्था, या दोन गोष्टींमुळे ती सुट्टी खरी सुट्टी व्हायची. माहेरी पोचलेल्या बाईचं मन चुलीवरच्या दुधात अडकलेलं नसायचं.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. आई-वडील गेले, की रजेचं खातं बंद. माझ्या आईचं माहेर परुळ्याला, होडीनं खाडी ओलांडली की पलीकडे. आजी २०११ साली गेली. मामा आहेत, जाणं-येणं आहे, पण तिथे गेली की आई पदर खोचून स्वयंपाकघरात शिरते. २०११ नंतर तिला कोणी आयतं ताट दिलेलं मला आठवत नाही.

विकतचं माहेर

याच काळात जगात दुसरीकडे सुट्टीची वेगळी व्यवस्था तयार होत होती. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं मिळाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बिली बटलिननं स्केग्नेसच्या समुद्रकिनारी आपला पहिला 'हॉलिडे कॅम्प' उघडला. रांगेनं छोट्या खोल्या, तीन वेळचं जेवण, मुलांना सांभाळायची सोय, खेळ, पाळणे, सगळं एकाच कुंपणात आणि एकाच पैशांत. कामगाराच्या बायकोला तिथे चूल नव्हती, हे त्या कॅम्पचं मोठं आकर्षण होतं. आजच्या थीम पार्क रिसॉर्टचा हा एक पूर्वज.

दुसरा पूर्वज अमेरिकेत. वॉल्ट डिस्नेनं १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. ते तुफान चाललं. पण आसपासची जमीन त्याच्या हातात नव्हती, तिथे दुसऱ्यांनी मोटेलं बांधली आणि राहण्याचा पैसा त्यांनी कमावला. ही चूक पुन्हा करायची नाही असं त्यानं ठरवलं. १ ऑक्टोबर १९७१ ला फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झालं तेव्हा पार्काबरोबर त्याची स्वतःची हॉटेलंही उघडली. तिथल्या मॅजिक किंग्डमखाली कर्मचाऱ्यांसाठी भुयारी रस्ते आहेत. कचरा, कपडे, जेवण, माणसं, सगळं बरंचसं खालून फिरतं, म्हणजे वर फिरणाऱ्याला कामाचं दर्शन होऊ नये. आणि तिथे गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणायचं नाही, 'गेस्ट' म्हणायचं, असा दंडक आहे. पाहुणा.

ही कल्पना आपल्याकडे टप्प्याटप्प्यानं आली. दिल्लीत १९८४ साली अप्पू घर, १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड, आणि २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर मनमोहन शेट्टींचं इमॅजिका. मग तिथेच वॉटर पार्क आणि हॉटेल. माझ्या पिढीतल्या कोकणातल्या पोरांना एस्सेलवर्ल्ड टीव्हीवरच्या जाहिरातीतूनच माहीत. मुंबईला काकांकडे गेलो तर राणीची बाग आणि चौपाटी, एवढी आमची मजल. थीम पार्कात पहिल्यांदा गेलो ते नोकरी लागल्यावर, ऑफिसच्या सहलीबरोबर. तिथल्या रिसॉर्टच्या दारात एक वयस्कर बाई खुर्चीत आरामात चहा पीत बसलेल्या दिसल्या. आईच्या वयाच्या. तेव्हाच मनात आलं, आईला इथे आणायचं.

आमचं घर

सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गानं राष्ट्राला अर्पण झाली. किल्ला आधीपासून होताच: १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली ती, १६६७ मध्ये पूर्ण झालेली. सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर होतं. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचं निवास होतं. पण येणाऱ्या सगळ्या माणसांना पुरतील एवढी हॉटेलं नव्हती, आणि ती उणीव भरून काढली घरांनी. महामंडळाच्या 'निवास-न्याहारी' योजनेखाली कोणी पडवीला भिंत घालून खोली केली, कोणी माडाच्या बागेत दोन खोल्या काढल्या. दार उघडं, चूल पेटलेली, मासे दारात. तारकर्ली-देवबागचं पर्यटन उभं राहिलं ते असं.

ते उभं करणाऱ्या बहुतेक बायका. सरकारी योजनेत घरमालकाचं नाव पुरुषाचं असलं, तरी गिऱ्हाईक परत येतं ते जेवणासाठी. आमच्याकडे बाबा रापणीला जायचे. मासळीचा वाटा कमी होत गेला तशी २००३ साली आईनं पहिली खोली पर्यटकांना दिली. माझ्या इंजिनीअरिंगच्या चारही वर्षांची फी कुळथाच्या पिठीतून, बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या सारातून आणि सोलकढीतून आली आहे. हे मी कृतज्ञतेनं सांगत नाही, आकडे तसे आहेत म्हणून सांगतो.

म्हणजे गिरणगावातली खानावळ गावी परत आली होती. फरक एवढाच, की तेव्हा जेवणारे आमचे होते आणि आता सुट्टीवर आलेले लोक आहेत. आमच्याकडे त्यांना 'टूरिस्ट' फारसं कोणी म्हणत नाही. 'पावणे' म्हणतात.

खोपोली

पनवेलला पहाटे उतरलो. चहा घेतला, उजाडेपर्यंत स्टेशनावर बसलो आणि टॅक्सी केली. सांगडेवाडीजवळ लांबून पाळण्यांचे रूळ दिसायला लागले तेव्हा आई काचेला नाक लावून पाहत होती. गेटपाशी उतरल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यो डोळ्यांचो दवाखानो?"

मी हसलो, सगळं सांगितलं. ती पण हसली. पहिला दीड तास फार छान गेला. अंधारातून डायनॉसोरांमधून होडी नेणारी एक राइड आहे, राजासॉरस नावाची. हा डायनॉसोर खरा, नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे अवशेष सापडले. त्या होडीत बसताना आईनं आधी तांडेल कुठे आहे ते पाहिलं. "वल्हां नाय, तांडेल नाय, कोणाच्या भरवशार सोडतत ही होडी?" शेवटी होडी वरून खाली आदळली, आम्ही भिजलो, आणि आई इतकी जोरात ओरडली की पुढची मुलं वळून बघायला लागली. तिला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तिचा फोन वाजला तेव्हा आम्ही पुढच्या रांगेत होतो.

इचलकरंजीचं एक कुटुंब आठ वर्षं दर २६ जानेवारीला आमच्याकडे उतरतं. यंदा मी त्यांना 'फुल्ल' म्हणून कळवलं होतं. आधीच्या डिसेंबरात नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला होता, त्यानंतर गावात पर्यटकांची रीघ होती, त्यामुळे माझं म्हणणं खरं वाटण्यासारखं होतं. ते दुसऱ्या एका घरी उतरले, आणि सकाळी आईला नुसतं भेटून जाऊ म्हणून आमच्याकडे आले. अंगणात कोणी नाही, तिन्ही खोल्यांना कुलूप. फोनवर त्या बाई एवढंच म्हणाल्या, "ताई, आमचं काही चुकलं का?"

आईनं रांगेतून बाहेर येऊन त्यांना खरं ते सांगितलं. त्या हसल्या, मजा करा म्हणाल्या. मग आईनं काकूला, म्हणजे तिच्या जावेला, फोन लावला. त्यांना दुपारी जेवायला बोलाव, मोरीचा मसाला फ्रीजमध्ये डाव्या हाताला आहे, धाकट्याला तिखट चालत नाही, त्याला पिठी कर. दहा मिनिटांत सगळं मार्गी लागलं. फोन पिशवीत टाकून ती माझ्याकडे वळली.

"घर फुल्ल म्हणान सांगलंस, आणि घराक कुलूप. त्यांका काय वाटला आसात? मी खोटा बोललंय असा."

मी म्हणालो, बोललो मी, तू नाही. ती म्हणाली, "शब्द माझो हा थयसर. तुझो नाय."

त्या दिवशी ती माझ्याबरोबर सगळीकडे आली. परेड पाहिली, फोटो काढू दिले. पण मघाचं ओरडणं परत आलं नाही.

संध्याकाळी रिसॉर्टच्या खोलीत ती चादरीचं टोक हातात धरून कापड तपासत बसली होती. मी विचारलं, आवडलं नाही का? ती म्हणाली, आवडलं, चादर चांगली आहे, जेवण आयतं आहे, माहेराला आल्यासारखं आहे, फक्त "माहेराक कोण सही करूक लावणा नाय." मग थोड्या वेळानं, "तू माका रजा दिलंस, पण माझा काम कोणाक दिलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रजेवर जातो तेव्हा कोण माझं काम बघणार ते आधी लिहून देतो. त्याशिवाय आमच्याकडे रजा मंजूरच होत नाही. आईच्या बाबतीत मला ते सुचलंच नाही, कारण तिचं काम मला काम वाटलं होतं, पण नोकरी वाटली नव्हती. तारखा मी निवडल्या त्या माझी एकच रजा खर्ची पडावी म्हणून. जोडून आलेली सुट्टी. पण माझ्यासारख्यांची जोडून आलेली सुट्टी हा आईच्या वर्षातला सगळ्यात कामाचा आठवडा. लाल केलेल्या त्या चार दिवसांत तिच्या हंगामातली मोठी कमाई होती. ती तिला विचारून सोडायला तयार झाली असती की नाही, हे आता कळणार नाही. मी विचारलंच नाही.

विचारायचं राहिलं

त्या रात्री बोलता बोलता आईनं तोंडवळीचा विषय काढला. तिची बहीण तिथे दिलेली आहे.

मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला 'सी वर्ल्ड' नावाचं भव्य सागरी थीम पार्क होणार, ही बातमी २०१० च्या दशकात आमच्याकडे खूप गाजली. सुरुवातीच्या आराखड्यात हजार एकरांहून जास्त जमीन होती. त्यात गावकऱ्यांची घरं, बागा, सडे आले. लोकांनी विरोध केला, सभा झाल्या, क्षेत्र कमी करण्याची भाषा झाली, आणि पार्क काही उभं राहिलं नाही. त्याआधी शिरोडा-वेळागरला मोठ्या हॉटेलसाठी संपादन केलेल्या जमिनीचा वाद असाच वर्षानुवर्षं चालला होता. मी पुण्यात असताना मित्रांशी वाद घालायचो, की आमच्या लोकांना विकास नको आहे असं नाही, त्यांना कोणी आधी विचारलं नाही एवढंच. हे मी मोठ्या आवाजात सांगायचो.

डिस्नेनंही विचारलं नव्हतं. फ्लोरिडातली सुमारे २७,००० एकर जमीन त्यानं वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप विकत घेतली. विकणाऱ्यांना खरा गिऱ्हाईक कोण ते माहीत नव्हतं. १९६५ च्या ऑक्टोबरात गुपित फुटलं आणि उरलेल्या जमिनीचे भाव चढले. धंदा म्हणून ते शहाणपणाचं होतं. पण जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध आनंदनगरीचा पाया लपवाछपवीवर आहे, हे मला त्या आठवड्यात नव्यानं जाणवलं, कारण मीही माझ्या छोट्या प्रमाणात तेच केलं होतं. आनंद द्यायचा ठरला, की सांगायची गरज उरत नाही असं देणाऱ्याला वाटतं.

आमच्याकडे याच्या उलट शिकवण आहे, आणि ती आम्ही देवळात रोज पाहतो. नवं काही करायचं तर आधी गाऱ्हाणं घालायचं, देवीला कौल लावायचा. मसुऱ्यातल्या आंगणेवाडीची जत्रा लाखाच्या गर्दीची, पण तिची तारीख पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल झाला की ती ठरते. जत्रा तिच्यासाठी आहे म्हणून तिला न विचारता तारीख धरली, असं कोणी करत नाही. मी श्रद्धाळू नाही. पण ज्याच्यासाठी उत्सव त्याला आधी विचारावं, एवढं त्या रिवाजातून घ्यायला श्रद्धा लागत नाही.

माहेरपणातून परवानगीचा जाच जायलाच हवा होता, आणि बऱ्याच प्रमाणात तो गेला. आई कुठेही जायला कोणाची परवानगी मागत नाही. पण त्याबरोबर सांगावा आणि मागची व्यवस्थाही गेली, आणि त्या जागी आम्ही शिकली-सवरलेली मुलं 'सरप्राइज' घेऊन आलो. पैसे आमचे, तारखा आमच्या, तिचा चेहरा आश्चर्यानं उजळतानाचा व्हिडिओही आमच्याच फोनमध्ये.

दुसऱ्या दिवशी आई सव्वानऊपर्यंत झोपली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याआधी उठलो होतो. नाश्त्याला तिनं स्वतःचं ताट उचललं आणि धुवायची जागा शोधायला लागली; वेटरनं हसून ते तिच्या हातातून घेतलं. तिनं त्याला गाव विचारलं, सुट्टी कधी असते ते विचारलं. मग माझ्या समोर बसून दुसरा चहा घेतला आणि म्हणाली, पावसात ये. जूनला होड्या वर काढल्या की पावणे नसतात. आणि आधी सांग.

मी तिच्या कॅलेंडरातून माझा प्रवेश काढून टाकला आहे. बुकिंगं आता तीच बघते. फोनवर काकूच्या मुलीनं तिला शिकवलं, आणि खात्रीसाठी वहीही पुन्हा सुरू झाली आहे. यंदा एप्रिलमध्ये मी फोन केला. जुलैत १० ते १३ रजा टाकू का, आंबोलीला जाऊ, धबधबा सुरू झालेला असेल. ती म्हणाली, बघते, काकूला विचारून सांगते. चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचा फोटो आला. जुलैच्या पानावर, पाहुण्यांची नावं लिहायच्या ओळीत, तिच्या अक्षरात लिहिलं होतं:

१० ते १३. मी नाय.